अर्ध्या सेकंदाची ओळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाही सांगितलं तरी दोन पानांत कळेलच. लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणींना माझी ओळख "आमची सून कॉम्प्युटरशी भांडते" अशी करून दिली. त्यात खोटं काही नव्हतं. पुण्यात आठ वर्षं मी यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी केली. तिथे जेवताना चुकून "मले नको" निघून गेलं की सगळं टेबल हसायचं. मीही हसायचे, आणि कोण कोण हसलं ते लक्षात ठेवायचे. पुढे तेच काम घरून करता येऊ लागलं, तेव्हा पुणं सोडलं, मेहकरच्या घरातली वरच्या मजल्यावरची खोली ताब्यात घेतली आणि लाईट कितीही वेळ गेली तरी माझ्या टेबलावर काही विझू नये म्हणून चांगला मोठा इन्व्हर्टर बसवला. या इन्व्हर्टरचा मला फार अभिमान होता. तो पुढे मला कसा नडला ते येईलच.

माझं काम कर्नलचं. संगणक असो, मोबाईल असो की एखाद्या यंत्रातला तळहाताएवढा बोर्ड, त्याच्या आत सगळ्यांच्या खाली एक मूळ प्रोग्राम असतो. कुणाला किती जागा, कुणाची पाळी कधी, कुठल्या तारेवर कुणी बोलायचं, हे तो ठरवतो. बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मी एकदा सोप्या भाषेत सांगितलं होतं. बाबा आमच्या गावात ग्रामपंचायतीतर्फे पाणी सोडतात. गावात तुम्ही जे करता ते मशीनमध्ये कर्नल करतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मंग शिव्याबी त्यालेच पडत असतीन."

पडतात. आणि मी ज्या कर्नलवर काम करते तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं ईमेलवरून त्यात दुरुस्त्या पाठवतात, दुसरी माणसं त्या वाचून चुका काढतात, आणि पटलं तरच दुरुस्ती आत जाते. प्रोसेसरची अनेक घराणी आहेत आणि प्रत्येकाची बोली वेगळी, म्हणून प्रत्येक घराण्यासाठी कर्नलमध्ये वेगळा भाग लिहिलेला असतो. घराणं जुनं झालं, त्या भागाकडे कुणी बघेनासं झालं, की एक दिवस तो काढून टाकतात. अशा काढून टाकण्याच्या बातम्या मी कितीदा वाचल्या असतील आणि चहा पीत पुढे गेले असेन. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

माझं माहेर जानेफळच्या रस्त्यावरून आत चार किलोमीटरवर. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी विहीर आणि पंपघर, वरच्या अंगाला टेकडीवर पाण्याची टाकी. बाबांचं काम सांगायला एका ओळीचं: लाईट आली की मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, मग एकेका वार्डाला पाणी सोडायचं. पण टाकी भरली हे खाली बसून कळणार कसं? पूर्वी बाबा वर चढून झाकण उघडून बघायचे. टेकडीला पायऱ्या नाहीत, सुट्या दगडांची पाऊलवाट आहे. दिवसातून तीन-चार खेपा. मग काही वर्षांपूर्वी एका योजनेतून टाकीला लोखंडी डबा बसला. डब्यात एक बोर्ड, बोर्डाला टाकीतल्या तरंगत्या फ्लोटची तार. पाणी चढलं की बाबांच्या मोबाईलवर संदेश येई: टाकी अर्धी, टाकी भरली. त्या दिवसापासून बाबांचं टेकडी चढणं थांबलं. तोवर त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरायला लागलेच होते.

डबा बसवणारी कंपनी दोन वर्षांत बंद पडली, डबा मात्र चालत राहिला. मग अलीकडे टॉवरवरचं जुन्या पिढीचं नेटवर्क बंद झालं, आणि डब्यातलं संदेश पाठवणारं मोडेम मुकं झालं. हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही दिवाळीला गेले तेव्हा, भांडी घासता घासता. बाबा पुन्हा दिवसातून चार वेळा टेकडी चढून राह्यले, गुडघा असा सुजतो की पायजमा वर होत नाही, आणि सरपंचबाईंनी निरोप धाडला आहे की संक्रांतीपर्यंत मशीनचं काही झालं नाही तर चढण्यासाठी तरणा माणूस ठेवू, तुम्ही घरी बसा. बाबांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. सरपंचबाई वाईट नव्हत्या. टाकी भरून वाहत होती, लोक त्यांच्या दारात येऊन बोलत होते, आणि त्यांना बाबांचे गुडघेही दिसत होते. त्यांचं चूक काय होतं ते मला शोधूनही सापडेना, म्हणून मी आणखी चिडले.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "चढतो बे थोडंसं. व्यायाम होते." माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून "बे" निघालं की समजावं, माणूस लपवून राह्यला.

नवीन मोडेम मी आठवड्यात मागवलं. ते चालवायला नवा कर्नल लागत होता. आणि नव्या कर्नलमध्ये त्या बोर्डाच्या प्रोसेसर घराण्याचा भाग इतका मोडकळीला आला होता की बोर्ड चालूच होईना. सगळा बोर्डच नवा का नाही बसवत, असं मला प्रत्येकाने विचारलं, नवऱ्याने तर दोनदा. फ्लोटची जोडणी, वार्डांच्या व्हॉल्व्हची जोडणी, सगळं त्या एकाच बोर्डावर लाखेसारख्या काळ्या थराखाली पुरून टाकलेलं होतं. तो बदलायचा म्हणजे अख्खी यंत्रणा बदलायची, म्हणजे नवा प्रस्ताव, नवी फाईल. ती फाईल हलेपर्यंत बाबांची दोन वर्षं संपली असती.

मी कर्नलच्या मेलिंग लिस्टवर जाऊन बघितलं, तर तिथे आणखी एक वाढून ठेवलेलं. या घराण्याची देखभाल करणाऱ्याने कधीच हात काढून घेतला होता. वरच्या एका मेंटेनरने, म्हणजे दुरुस्त्या आत घेणाऱ्याने, लिहिलं होतं की हा भाग कोणी वापरत असल्याचं दिसत नाही, कोणाची हरकत नसेल तर येत्या आवृत्तीतून काढून टाकू. खाली तीन-चार जणांनी होकार दिला होता. हरकत एकाचीही नव्हती.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. आधी लांबलचक लिहिलं, मग सगळं पुसलं आणि एवढंच ठेवलं: वापरतात. माझे वडील वापरतात.

मेंटेनर सभ्य माणूस निघाला. कुठल्या देशातला ते मला आजही नीट माहीत नाही. त्याने लिहिलं की वापरणारा आहे हे वाचून बरं वाटलं, पण नुसतं वापरणं पुरत नाही. हा भाग जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे, तो नव्या पद्धतीवर आणायला हवा, खऱ्या बोर्डावर तपासायला हवा आणि पुढे त्याची जबाबदारी घ्यायला हवी. हे सगळं करणारं कोणी आहे का? मुदत होती नऊ आठवड्यांची. हिशेब केला तर संक्रांत आणि मुदत जवळजवळ एकाच आठवड्यात येत होत्या.

मी लिहिलं, मी आहे. लिहिलेलं मागे घेणं मला जमत नाही.

साखरखेर्ड्याच्या बाजूला एका गावात असाच डबा फ्लोटची तार जळून पडून होता. तिथल्या पंचायतीला अर्ज देऊन त्यातला बोर्ड मी मागून आणला. मेहकरला टेबलावर ठेवला, त्याला तार जोडली आणि पहिले आठ दिवस तो पडद्यावर एक अक्षर लिहीना. नवव्या दिवशी अर्धी ओळ लिहिली आणि मेला. मी खाली जाऊन सासूबाईंना सांगितलं की अर्धी ओळ आली. त्यांनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीने मला विचारलं, पोरगा की पोरगी.

पुढचे चार आठवडे माझं आयुष्य म्हणजे तो बोर्ड. दिवसा नोकरीचं काम, पहाटे चार ते आठ हे काम. एक तुकडा दुरुस्त करायचा, बोर्ड पुन्हा सुरू करायचा, बघायचं, लिहायचं, लिस्टवर पाठवायचं. तिकडून चुका येत. कधी रास्त, कधी नुसत्या खुसपटं काढणाऱ्या. रास्त असल्या की मी मुकाट सुधारायचे, खुसपटं असली की आधी खोलीत एक चक्कर मारायचे आणि मग सुधारायचे. चार वेळा अख्खं काम नव्याने पाठवलं.

जुन्या भागात एक ओळ होती. ती फक्त इतकंच करायची: सुरू होताना अर्धा सेकंद थांबायची. काही न करता, नुसती. तिच्या शेजारी ती लिहिणाऱ्या अनोळखी माणसाने टीप ठेवली होती, "काढू नका. का, ते मला माहीत नाही." तिसऱ्या फेरीत मेंटेनरने विचारलं, ही ओळ कशासाठी? मला उत्तर येईना. उत्तर येत नाही हे चारचौघांत सांगायची मला पुण्यापासूनच लाज. मी ओळ काढली, बोर्ड चाळीस वेळा पुन्हा सुरू केला, चाळीसही वेळा तो नीट उठला. मग मी ऐटीत लिहिलं की ओळ अनावश्यक आहे, काढून टाकली. त्याने शाबासकी दिली. ती शाबासकी मी दिवसभर मिरवली.

मुदतीला तीन आठवडे उरले असताना मी नवा कर्नल आणि नवं मोडेम घेऊन गावी गेले, टेकडी चढले, डबा उघडून सगळं बसवलं. दुपारी अडीचच्या सुमाराला बाबांच्या मोबाईलवर संदेश आला, टाकी अर्धी. बाबांनी तो आईला दाखवला, पंपघराशेजारी म्हशी धूत असलेल्या माणसाला दाखवला, मला पुन्हा दाखवला. मी संध्याकाळच्या गाडीने मेहकरला परत आले. खिडकीबाहेर तूर उभी होती आणि मला सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटत होतं.

रोज फोन करत होते. बाबा रोज म्हणायचे, "हाव, मस्त चालू हाय." आईला विचारलं की ती म्हणायची, तुझ्या बाबांनाच विचार. आठव्या दिवशी तिचा आवाज मला बरा वाटला नाही. कुणाला न सांगता मी सकाळची गाडी पकडली. फाट्यावर उतरून चालत गावात शिरले, तेवढ्यात टेकडीवरून बाबा उतरताना दिसले. हातात काठी. एक पाऊल टाकायचं, काठी रोवायची, थांबायचं, मग दुसरं पाऊल. मी खाली उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि काठी पाठीमागे धरली, जशी काही ती मला दिसलीच नव्हती.

मी रस्त्यातच भांडायला सुरुवात केली. खोटं का बोललात, मी मूर्ख आहे का, गुडघ्याचं वंगण संपलं तर कोण देणार आहे, असं बरंच काही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दगडावर बसले आणि म्हणाले, "तू महिनाभर खपली माय. नाही चाललं म्हणून तुले सांगू कसं?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि डोळे पुसले. रागाने की कशाने ते तेव्हा कळलं नाही, आज कळतं. मला त्यांची माया कळली होती आणि ती मला नको होती, मला चालणारं मशीन हवं होतं.

लाईट गेली की डबा मरतो, हे आईने घरी गेल्यावर सांगितलं. लाईट परत आली तरी उठत नाही. बाबा वर जाऊन डब्याची तार काढून लावतात, मग कधी उठतो, कधी नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते हे सांगायला नको. आणि मेहकरला माझ्या टेबलावर? ती कधीच जात नव्हती. तिथे बोर्ड मी चाळीस वेळा पुन्हा सुरू केला होता तो वीज चालू ठेवूनच, कीबोर्डवरून. पुण्यात बसलेल्याने असं केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मी इथलीच. लाईट जाते म्हणून वैतागून मी ती जाऊच नये अशी व्यवस्था केली, आणि लाईट गेल्यावर काय होतं ते बघायचंच विसरून गेले. तो इन्व्हर्टर समोर असता तर मी त्याला लाथ घातली असती.

अर्ध्या सेकंदाची ओळ मला तिथेच, आईच्या ओट्याशी उभी असताना आठवली. मी मेहकरला फोन करून सांगितलं की काही दिवस येत नाही, आणि लॅपटॉप उघडून ओळ परत घातली.

टेकडीवर जाणाऱ्या लाईनचा कटाऊट, म्हणजे हाताने ओढून काढायचा फ्यूज, खाली पंपघरात आहे. मी वर डब्यापाशी बसायचे, बाबा खाली कटाऊट ओढायचे, थोडं थांबून पुन्हा बसवायचे, आणि मी मोबाईलवर सांगायचे, उठला किंवा नाही उठला. बाबांनी पंपघराच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद सुरू केली: वेळ, आणि पुढे बरोबर किंवा फुली. त्यांचं अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं आहे. दिवसभरात सव्वीस वेळा केलं, सव्वीस वेळा उठला. मी खाली येऊन लिस्टवर पत्र लिहायला बसले.

बाबा म्हणाले, सकाळी पाहू, मग पाठवजो. मी म्हटलं, सव्वीस पुरे झाले. ते म्हणाले, दुपारची मोटर आणि पहाटेची मोटर एक नसते. मी वाद घातला, पण पत्र पाठवलं नाही.

पौषातली थंडी होती. पहाटे साडेपाचला मी दोन स्वेटर घालून टेकडीवर बसले. बाबांनी कटाऊट बसवला. डबा मुका. पुन्हा ओढला, पुन्हा बसवला. मुका. तिसऱ्यांदा उठला, चौथ्यांदा पुन्हा मुका. मी वरून फोनवर अशी काही ओरडले की खाली कुत्री भुंकायला लागली. मुदतीला अकरा दिवस होते. अर्ध्याचा एक सेकंद करू? दोन करू? आणि त्याहून कडक थंडी पडली तर? आकडा कुठलाही टाकला तरी तो अंदाजच होता, आणि त्या अनोळखी माणसासारखीच टीप मलाही लिहावी लागली असती, का ते मला माहीत नाही.

खाली आले तेव्हा बाबा मोटरच्या स्टार्टरजवळ उभे होते. नुकतीच तिन्ही फेजची, मोटरला लागते ती लाईट आली होती. बटणावर हात होता, पण दाबत नव्हते. मी वैतागून म्हटलं, दाबा ना, कशाची वाट बघताय. त्यांनी हातानेच मला थांबवलं. थोड्या वेळाने बटण दाबलं, मोटर घुमली. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे. लाईट आल्याबरोबर बाबा मोटर सुरू करत नाहीत. आसपासच्या शेतांमधल्या मोटरी आपोआप सुरू होतात, आणि त्यातल्या निम्म्या दरवर्षी जळतात. बाबांच्या हातून गावाची मोटर एकदाही जळलेली नाही. मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, किती वेळ थांबता? कितीपर्यंत मोजता?

"मोजत नाही माय," ते म्हणाले. "आयकतो. आधी स्टार्टरमधला लाईटचा आवाज हलते. तो एका जागी बसला का मंग बटन दाबतो. कधी लवकर बसते, कधी वेळ लागते. मोजून कसं जमते?"

मी पळत घरी गेले आणि त्या चिपचं जुनं माहितीपत्रक उघडलं. चिपला चालायला एक ठोका लागतो आणि तो देणारा स्फटिक वीज आल्यावर लगेच स्थिर होत नाही, थंडीत तर आणखी उशिरा, हे मला माहीत होतं, फक्त त्या ओळीशी त्याचा संबंध लावला नव्हता; जुना कर्नल मुळातच सावकाश उठायचा, म्हणून त्याला अर्धा सेकंद पुरला होता. वीज चालू ठेवून पुन्हा सुरू केलं की तो थांबलेलाच नसतो, म्हणून टेबलावर सगळं सुरळीत. मला माहीत नव्हतं ते असं की चिप स्वतःच सांगते. शेवटच्या पानांत एका तक्त्यात, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की ठोका स्थिर झाला की अमुक जागची खूण शून्याची एक होते. इतकी वर्षं कुणी ती विचारलीच नव्हती. सगळे मोजत होते.

मी अर्ध्या सेकंदाची ओळ काढली आणि तिथे चार ओळी लिहिल्या: खूण बघ, एक झाली नसेल तर थांब, पुन्हा बघ, झाली की पुढे जा. त्या दिवशी आणि पुढचे सहा दिवस आम्ही कटाऊट ओढत राहिलो. आता बाबा ऐकायला तयार नव्हते. मी पंधरा म्हटलं तर ते वीस करायचे. पहाटे, बाबा विहारातली वंदना आटोपून परत आल्यावर, भर दुपारी पत्रा तापल्यावर, दिवेलागणीला. खरी लाईट गेली तर तीही वहीत, तिच्यापुढे छोटं वर्तुळ. सातव्या दिवशी वहीत या नव्या ओळींच्या एकशे त्रेचाळीस नोंदी होत्या आणि फुली एकही नव्हती. मला पाठवायची घाई होती, तर म्हणाले, अजून एक पहाट पाहू.

पत्रात मी सगळं लिहिलं. ओळ अनावश्यक आहे असं मी म्हटलं होतं ते चूक होतं, हेही. ते वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. खाली रिवाजाप्रमाणे तपासणाऱ्याचं नाव टाकतात, तिथे बाबांचं नाव टाकायचं म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी कुठे जाणार हे विचारलं, मी सगळ्या जगात म्हटलं. मग आडनावासकट लिही म्हणाले.

दोन दिवसांनी मेंटेनरचं उत्तर आलं. त्याने विचारलं होतं की हे तपासणारे गृहस्थ कुठल्या प्रयोगशाळेत असतात, वीज खरीच तोडून केलेल्या इतक्या चाचण्या त्याने कधी पाहिल्या नाहीत. मी लिहिलं, एक विहीर, एक टेकडी आणि आमची लाईट. त्याने लिहिलं की यापेक्षा चांगली प्रयोगशाळा त्याच्याकडे नाही, आणि दुरुस्ती घेतली. त्या घराण्याचा भाग काढून टाकायचा प्रस्ताव त्याने मागे घेतला, आणि देखभाल करणाऱ्यांच्या यादीत त्या घराण्यापुढे माझं नाव लागलं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्या मेंटेनरकडे लाईट जाते का. मी म्हटलं, नसावी जात. त्यांना त्याची जराशी कीव आली असावी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सरपंचबाई स्वतः पंपघरात आल्या. त्यांच्यादेखत बाबांनी कटाऊट ओढला, बसवला. मोबाईल वाजला. त्यांनी वही चाळली, एकेक पान बघितलं, आणि जाताना बाबांना म्हणाल्या, मग दोन वर्षं तुम्हीच बघा दादा.

दुसऱ्या दिवशी मला मेहकरला परतायचं होतं. सकाळी सहाला बाबांच्या मागोमाग पंपघरात गेले. त्यांनी लाईटचा आवाज ऐकला, मोटर सुरू केली आणि दारातल्या फरशीवर बसले. तासाभराने, रोज जेव्हा चढायची वेळ होई तेव्हा, ते सवयीने उठले. काठी घेतली. दोन पावलं टेकडीच्या दिशेने टाकली आणि खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, मोटर बंद केली, वर टाकीकडे पाहिलं. टाकीवर कोणी नव्हतं. वार्डांना पाणी सोडायला अजून वेळ होता. मग हळूहळू परत येऊन फरशीवर बसले, काठी दाराला टेकवली आणि सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला.

"भरली म्हणते," ते म्हणाले. "मंग आता मी काय करू?"

"बसा," मी म्हटलं. "चहा आणते."

ते बसून राहिले.